एंडोस्कोपी नॉर्मल, तरी जळजळ खरी: माझा अनुभव

छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी आणि एंडोस्कोपीच्या रिपोर्टवर ‘नॉर्मल’. काही झालेलंच नाही, असा त्या रिपोर्टचा अर्थ लावला की उपचार तिथेच अडतात. अन्ननलिकेच्या आतल्या अस्तराला डोळ्यांनी दिसेल अशी इजा नाही, एवढंच तो सांगतो. रिफ्लक्सचा, म्हणजे जठरातलं आम्ल अन्ननलिकेत उलट येण्याचा, त्रास असणाऱ्या बहुतेकांचा रिपोर्ट असाच येतो. या प्रकाराला डॉक्टर ‘नर्ड’ (इजा न दिसणारा रिफ्लक्सचा आजार) म्हणतात. अस्तराच्या पेशींमधल्या फटी यात रुंदावलेल्या असू शकतात, पण त्या सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात.

माझे उपचार आठ आठवड्यांच्या पॅन्टोप्राझोलने सुरू झाले. हे जठरातलं आम्ल कमी करणाऱ्या ‘पीपीआय’ गटातलं औषध. रोज एक गोळी, सकाळी उपाशीपोटी, नाश्त्याच्या ३० ते ६० मिनिटं आधी. ही वेळ पाळणं फार महत्त्वाचं. जठरातले आम्लाचे पंप खाण्यामुळे जागे होतात आणि गोळी फक्त चालू असलेले पंप बंद करते. ती रक्तात थोडाच वेळ टिकते, म्हणून जेवणानंतर घेतली तर बरीचशी वाया जाते. पूर्ण परिणाम दिसायलाही काही दिवस लागतात. दोन गोळ्यांत ‘लागू पडत नाही’ म्हणून ती सोडून देऊ नये.

गोळीने आराम पडला, पण अर्धवट. नर्डमध्ये असं बऱ्याच जणांचं होतं. अशा वेळी डोस वाढवत बसण्यापेक्षा पीएच तपासणी, म्हणजे अन्ननलिकेत किती आम्ल येतं याची मोजणी, करून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

तपासणीच्या साधारण ७ दिवस आधी पीपीआय बंद करतात. तो आठवडा अँटासिडवर काढावा लागतो, आणि तेही कधी थांबवायचं हे आधीच विचारून घ्यावं. मॅनोमेट्रीने (अन्ननलिकेतला दाब मोजून) अन्ननलिकेच्या खालच्या झडपेची जागा शोधतात आणि नाकातून बारीक नळी सोडून तिचा सेन्सर झडपेच्या ५ सेंटीमीटर वर ठेवतात. सुरुवातीला गिळताना ती टोचते, नंतर सवय होते. कमरेला रेकॉर्डर असतो. जळजळ झाली की लगेच बटण दाबायचं. जेवण आणि आडवं होणं यांच्या वेळा डायरीत लिहायच्या. बटण दाबायला उशीर झाला तर जळजळ आणि आम्ल यांचा मेळ बसत नाही. त्या २४ तासांत पथ्य करू नये, नेहमीसारखंच खावं. जपून खाल्लं की रिपोर्टही खोटा चांगला येतो.

अन्ननलिकेतला पीएच ४ च्या खाली, म्हणजे आम्लधर्मी, किती वेळ राहिला, हे त्यात मोजतात. तो एकूण वेळेच्या ६ टक्क्यांहून जास्त असेल तर रिफ्लक्स नक्की; ४ च्या आत असेल तर आम्लाचं प्रमाण नॉर्मल. प्रमाण नॉर्मल असून जळजळ नेमकी रिफ्लक्सच्या वेळीच होत असेल, तर अन्ननलिका अतिसंवेदनशील झालेली असते. दोन्हींचा संबंधच नसेल, तर त्याला फंक्शनल हार्टबर्न म्हणतात आणि तिथे पीपीआयचा फारसा उपयोग नसतो. या दोन्हींत मज्जातंतूंची संवेदना कमी करणारी औषधं अगदी कमी मात्रेत देतात. ती मूळची नैराश्याची औषधं आहेत, म्हणून ‘माझा आजार मनाचा ठरवला’ असं वाटून घेऊ नये.

माझा आकडा ६ च्या वर होता, म्हणून पीपीआय चालू राहिलं. सोबत जेवणानंतर आणि झोपताना अल्जिनेटचं सिरप. ते जठरातल्या अन्नावर तरंगता थर धरतं. रात्रीचं जेवण झोपण्याआधी तीन तास, झोप डाव्या कुशीवर. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ ते २० सेंटीमीटरचे ठोकळे. नुसत्या उशा रचल्या तर शरीर कमरेत दुमडतं आणि पोटावरचा दाब उलट वाढतो.

गिळताना अडकणं, वजन घटणं, रक्ताची उलटी किंवा काळी शौच असेल तर यातलं काही करत बसू नये, लगेच डॉक्टर गाठावा. छातीत दुखत असेल तर आधी हृदय तपासून घ्यावं.

गोळी कमी करताना दबलेलं आम्ल काही दिवस उसळतं. आजार उलटला असं वाटतं, पण बहुतेकदा ते आपोआप ओसरतं. तेवढ्यापुरतं अल्जिनेट पुरतं. आता डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी रोज नाही. त्रास डोकावला की काही दिवस घ्यायची, आणि तीही नाश्त्याआधीच.