पद्मिनीच्या स्पेअरसाठी पुणे-मुंबई फेरी: जुना बाजार, ऑपेरा हाउस, चोर बाजार, कुर्ला

फियाट ११०० डिलाइट, प्रेसिडेंट आणि पद्मिनी या एकाच घराण्यातल्या गाड्या. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून डिलाइट १९६४ पासून, प्रेसिडेंट १९७२ पासून आणि पद्मिनी १९७४ पासून बाहेर पडू लागली. इंजिन तेच, १०८९ सीसी, ६८ मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), ७५ मिमी स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव). घरच्या घरी जुनी गाडी दुरुस्त करून पुन्हा उभी करणाऱ्यांसाठी हा वृत्तांत आहे. कोणत्या बाजारात कोणत्या वारी जायचं, तिथे हातात काय घ्यायचं आणि काय तसंच ठेवून यायचं, एवढाच त्याचा विषय.

आधी एक हिशेब डोक्यात पक्का हवा. मुंबईत ही गाडी टॅक्सी म्हणून चालली, म्हणून तिचे स्पेअर इतकी वर्षं बनत राहिले. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. तरीही टॅक्सीला दर काही महिन्यांनी जे लागायचं ते आजही मिळतं: क्लच प्लेट, ब्रेक लायनर, वॉटर पंप, हेड पॅकिंग, सीबी पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारे संपर्क), सायलेन्सर. टॅक्सीवाल्याने जे काढून फेकलं किंवा कधी बदललंच नाही, ते मिळत नाही: क्रोमच्या पट्ट्या, ओव्हररायडर (बंपरवरचे उभे तुकडे), व्हील कॅप, मीटरची काच, दरवाज्याची मूळ हँडलं, डिकीचं नाव. फेरीचा वेळ या दुसऱ्या यादीवर खर्च करा. पहिली यादी एका सकाळी उरकते.

निघण्यापूर्वी

जुना भाग बरोबर नेल्याशिवाय जाऊ नका. मोबाइलवरच्या फोटोला बाजारात किंमत नाही. दुकानदार ‘हाच आहे’ म्हणतो आणि घरी आल्यावर दोन भोकांमधलं अंतर ३ मिमीने चुकतं. प्रत्येक नमुना रॉकेलमध्ये धुऊन प्लास्टिकच्या पिशवीत घाला. चिठ्ठीवर गाडीचं साल, डावा की उजवा आणि नग लिहा. फार जड असेल तर पुठ्ठ्यावर त्याची बाह्यरेषा आणि भोकं उतरवून घ्या.

पिशवीत १५० मिमीचा व्हर्निअर, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), लहान लोहचुंबक, टॉर्च, चिंध्या आणि थ्रेड गेज (आटे मोजायचं) हवं. फियाटचे आटे मेट्रिक, अॅम्बेसेडरचे इंच मापाचे. भंगाराच्या ढिगात दोन्ही शेजारी पडलेले असतात. चुकीचा बोल्ट पहिले दोन आटे गोडीत जातो आणि तिसऱ्याला अॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे ओरबाडतो.

गाडीचं मॉडेलही नेमकं सांगता आलं पाहिजे. नुसतं ‘फियाट’ म्हटलं तर याआधीच्या फियाट ११०० चा, म्हणजे ‘डुक्कर फियाट’चा मालही पुढे येतो. शेवटच्या काळातल्या पद्मिनी एस-वनचा गिअर खाली होता, स्टिअरिंगवर नाही, त्यामुळे तिचा गिअरबॉक्स आणि लिंकेज जुन्या गाडीला नुसतं उचलून बसत नाही.

बुधवार: पुणे

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मंगळवार पेठेत, कुंभार वेशीजवळ. बुधवारच निवडा, म्हणजे त्याच दिवशी नाना पेठेतली स्पेअरची दुकानंही उरकता येतात. जुन्या बाजारात गाडीचा माल कमी आणि हत्यारं जास्त. जुने रिंग पाने, बेंच व्हाइस, पुलर, स्क्रू जॅक इथे बघावेत. व्हाइस घेताना जबडा पूर्ण उघडून हलवून पाहा. मुख्य स्क्रूचे आटे झिजले असतील तर जबडा घट्ट करतानाच वर उचलला जातो. गाडीच्या बाबतीत इथे लहान विजेच्या वस्तू हाती लागतात: बटणं, हॉर्न, फ्लॅशर, डायनॅमोचे तुकडे.

नाना पेठेत बेअरिंग, ऑइल सील आणि व्ही-बेल्ट घ्या. बेअरिंग आणि सील गाडीच्या नावाने मागू नका, मापाने मागा. सीलचं माप आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी या क्रमाने सांगतात. जुन्या सीलवरचा आकडा पुसला असेल तर सील मोजू नका, त्याचा ओठ (शाफ्टला टेकणारी रबरी कड) झिजलेला असतो. शाफ्ट आणि घर मोजा.

गुरुवार: ऑपेरा हाउस

मुंबईतला हा नव्या स्पेअरचा बाजार. चर्नी रोड किंवा ग्रँट रोड, दोन्ही स्टेशनांवरून चालत जाता येतं. दुकानं दहा-साडेदहाला उघडतात. चोर बाजाराच्या आधी इथे यायचं कारण सरळ आहे. नव्या मालाचा भाव कळला की दुसऱ्या दिवशी जुन्याचा भाव करता येतो. नव्या वॉटर पंपाच्या निम्म्या भावात कुणी गंजलेला पंप गळ्यात मारत असेल, तर ते इथल्या चौकशीमुळेच कळतं.

इथे तीन प्रकारचा माल समोर येतो: मूळ कंपनीचा जुना स्टॉक, आजही बनणारा नावाजलेल्या कंपन्यांचा माल आणि लोकल. जुन्या स्टॉकवर लोक झडप घालतात आणि तिथेच फसतात. धातूचा जुना स्टॉक सोनं आहे: गिअर, व्हॉल्व्ह, पिस्टन, शाफ्ट, कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं). रबराचा जुना स्टॉक मात्र कचरा समजा, पाकीट सीलबंद असलं तरी. व्हील सिलिंडरचे कप (ब्रेकचं तेल अडवणाऱ्या रबरी वाट्या), मास्टर सिलिंडरचं किट, ब्रेक होज, पेट्रोल पंपाचा पडदा यांचं रबर पाकिटातच कडक होतं. कपाची कड दुमडून पाहा, बारीक भेगा दिसल्या तर परत द्या. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. एका चाकाचा कप गळला तर तेल लायनरवर येतं, गाडी एका बाजूला ओढते आणि तो लायनर फेकावाच लागतो. म्हणून कप चारही चाकांचे एकदम, ताज्या बनावटीचे आणि जुन्या सिलिंडरचा व्यास मोजूनच घ्यायचे.

पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा पडदा घेताना इथेनॉल चालतं का, हे विचारा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या जातीचं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं, तुकडे होऊन जेटमध्ये अडकतं. इथेनॉल पाणीही धरून ठेवतं आणि टाकीतला जुना गाळ-गंज सुटा करतं. टाकी साफ न करता नवा कार्बोरेटर लावला, तर तो पहिल्याच आठवड्यात उघडावा लागेल.

पिस्टन विकत घेण्याआधी बोअर मोजलेला हवा. सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा मोजतात. झीज ०.१५ मिमीच्या पुढे गेली असेल तर नुसत्या रिंगा बदलून ऑइल खाणं थांबत नाही, बोअरिंगच, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करणं, करावं लागतं. आधीच्या मालकाने कोणता ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठा पिस्टन) टाकला होता हे पिस्टनच्या डोक्यावर कोरलेलं असतं, ते वाचून जा. चारही पिस्टन एकाच सेटचे घ्या आणि बोअरिंग पिस्टन हातात आल्यावरच करा, उलट नाही.

शुक्रवार: चोर बाजार

मटण स्ट्रीटची जुन्या वस्तूंची दुकानं शुक्रवारी बंद असतात आणि नेमका त्याच पहाटे रस्त्यावरचा बाजार भरतो. उजाडण्यापूर्वी पोचा. टॉर्च यासाठीच. नऊनंतर उरतो तो इतरांनी टाकलेला माल. भेंडी बाजाराच्या पुनर्विकासामुळे आजूबाजूच्या काही गल्ल्या ओळखू येत नाहीत, तेव्हा जुन्या खुणांवर विसंबू नका. दुकानांमधले दिवे आणि पट्ट्या बघायच्या तर शुक्रवार सोडून दुसऱ्या दिवशी यावं लागतं, आणि तिथला भाव सिनेमाचे सेट सजवणाऱ्यांना बघून ठरलेला असतो.

इथे लोहचुंबक काढा. क्रोमचा भाग चुंबकाला चिकटला तर तो पत्रा. तो ठोकून, घासून, पुन्हा तांबं, निकेल आणि क्रोम चढवून नवा होतो. चिकटला नाही तर बहुधा मझाक, म्हणजे जस्ताचं ओतीव. मझाकवर बारीक फोड आले असतील तर गंज आतून वर आलेला असतो. पॉलिशवाला फोड घासतो तेव्हा खड्डा उघडा पडतो आणि तो तांब्याचे थर देऊन भरावा लागतो. उथळ फोड चालतात, नख अडकेल इतका खड्डा नको. भेग गेलेलं मझाक कितीही स्वस्त असलं तरी ठेवून द्या, त्याला वेल्डिंग नीट लागत नाही.

दिव्यांच्या काचांमध्ये डावी-उजवी बघा. मागच्या दिव्याचं प्लास्टिक उन्हाने फिकट झालेलं असलं तर पॉलिशने चमक येते, रंग परत येत नाही. जोडी घेताना दोन्ही सारख्याच फिकट घ्या.

कार्बोरेटर सोलेक्सचा असतो. थ्रॉटलचा दांडा बोटांनी वर-खाली हलवा. खुळखुळत असेल तर तिथून हवा ओढली जाते आणि आयडलिंग कधीच स्थिर राहत नाही, स्क्रू कितीही फिरवा. बाकी कार्बोरेटर चांगला असेल तर लेथवाल्याकडून बुश मारून घेता येतो. तळाची बैठक काचेवर ठेवून पाहा, जास्त आवळल्याने ती वाकलेली असते. फ्लोट गरम पाण्यात बुडवा (हे घरी): बुडबुडा आला तर भोक आहे. डेल्कोचा, म्हणजे ठिणगी सिलिंडरांना वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा, शाफ्टही असाच हलवून बघायचा. तो ढिला असेल तर पॉइंटचा गॅप प्रत्येक सिलिंडरला वेगळा पडतो आणि टायमिंग जागेवर बसत नाही. मेकॅनिक मात्र कॉइल बदलत राहतो.

कुर्ला

सीएसटी रोडच्या भंगारवाल्यांकडे अख्खे दरवाजे, बोनेट, डिकी, मडगार्ड, हेड, गिअरबॉक्स मिळतात. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी दुकानं बंद असतात, त्यामुळे एक तर तीननंतर जा किंवा शनिवारी. ज्या कारखान्यात ही गाडी जन्मली तोही कुर्ल्यातलाच, हा योगायोग इथल्या भावात काही सूट देत नाही.

टॅक्सीतून निघालेला माल इथे जास्त असतो. बऱ्याच टॅक्सी पुढे सीएनजीवर चालल्या, त्यांच्या हेडमध्ये व्हॉल्व्हच्या सीट खोल बसलेल्या सापडतात. हेड उलटं करून व्हॉल्व्ह किती आत गेलेत ते एकमेकांशी ताडून पाहा. अॅल्युमिनियमच्या हेडला दुसरा रोग पाण्याच्या वाटांभोवती लागतो. कूलंटऐवजी वर्षानुवर्षं नळाचं पाणी घातल्याने तिथे धातू खाल्ला जातो आणि पॅकिंग बसायला जागाच राहत नाही. सरळ पट्टी ठेवून ०.०५ मिमीचं फीलर खालून सहज सरकलं तर फेसिंग, म्हणजे हेडची बैठक मशीनवर सपाट करणं, आलं. फेसिंग आधीच बऱ्याचदा झालं असेल तर हेड सोडून द्या. प्रेशर टेस्टमध्ये गळलं तर परत घेणार, हे बिलावर लिहून घ्या. तोंडी शब्द संध्याकाळपर्यंत टिकतो.

दरवाजा आणि मडगार्डवरून चुंबक फिरवा. जिथे पकड सुटते तिथे खाली लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली आहे. दरवाज्याच्या तळाची घडी आणि हेडलाइटच्या मागचा कोपरा आधी कुजतो. बिजागऱ्या दरवाज्याबरोबरच घ्या.

इंजिन ब्लॉक घेताना कागद मागा. ब्लॉकवर नंबर असतो, आणि दुसऱ्या नंबरचं इंजिन बसवलं की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. मूळ गाडी भंगारात काढल्याचा कागद आणि बिल नसेल तर ब्लॉक घेऊ नका. चेसिस नंबरची पट्टी कुणी विकायला काढलीच तर तिथून निघा.

घरी आल्यावर

रंग आणि क्रोम सगळ्यात शेवटी. आधी प्रत्येक पट्टी, दिवा, हँडल आणि रबर उघड्या पत्र्यावर बसवून पाहायचं, भोकं जुळवायची, मग काढून पॉलिशला द्यायचं. क्रोम झाल्यावर वाकवलेली पट्टी सोलते. स्टिअरिंगवरचा गिअर सापडत नसेल तर गिअरबॉक्स उघडण्याआधी लिंकेजचे बुश बघा. ते बाजारात सैल मापाचे मिळतात, म्हणून लेथवर गनमेटलचे करून घेतलेले बरे.

गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांवर गेली असेल तर २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी घेता येते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, शुल्क नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरणाला ५,००० रुपये. डिलाइट आणि प्रेसिडेंट या वयात बसतात, पद्मिनीत फक्त सुरुवातीच्या. पण या नंबरावर रोजची वाहतूक करता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्तीसाठीच गाडी बाहेर काढता येते. रविवारी सहज लोणावळ्याला जायचं असेल तर साधी नोंदणी चालू ठेवून दर ५ वर्षांनी नूतनीकरण आणि पर्यावरण कर भरत राहणंच सोयीचं.