दाढेने फोडलेलं गुपित

‘तुम्हाला कसलं टेन्शन? चेहऱ्यावर तर कधी दिसत नाही!’ इतक्या जणांनी विचारून झालंय, की एकदाचं लिहूनच टाकते.

मलाही ते दिसलं नव्हतं. दिसलं दातांच्या डॉक्टरांना. गार पाण्याने दाढ ठणकायची, कीड असेल म्हणून गेले. दाढेला बारीक चीर गेली होती आणि सुळ्यांची टोकं घासून सपाट. ‘झोपेत दात खाता का?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, छे! त्यांनी जबड्याच्या कोपऱ्यावर बोट दाबलं आणि मी खुर्चीतच कळवळले.

तेव्हा घरात आजारपण होतं, कामाच्या तारखा डोक्यावर होत्या आणि ‘निभावतेय की’ याचा मला थोडा अभिमानही होता. निभावत होता तो जबडा.

धोका जाणवला की अ‍ॅड्रेनलिन हे हार्मोन काही सेकंदांत नाडी वाढवतं, स्नायू आवळतात, पचन मंदावतं. पाठोपाठ कॉर्टिसॉल हे दुसरं हार्मोन रक्तातली साखर चढती ठेवतं. घटकाभरासाठी ही सोय उत्तमच. पण धोका आठवडेच्या आठवडे हलला नाही, तर आवळलेलं सुटत नाही. ताणाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ हान्स सेल्ये यांनी १९३६ साली ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात एक छोटंसं पत्र छापलं. उंदरांना थंडीत ठेवा, जखम करा किंवा दमवा, आत सापडायचं तेच: ही हार्मोनं तयार करणाऱ्या, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी फुगलेल्या, छातीतली प्रतिकारशक्तीची थायमस ग्रंथी आक्रसलेली, पोटात व्रण.

म्हणून सगळंच टेन्शनच्या माथी मारू नका हं. माणसाच्या पोटातला अल्सर वर्षानुवर्षं काळजीवर ढकलला जायचा. पुढे त्यामागे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू निघाला आणि तो शोधणाऱ्यांना २००५चं नोबेल मिळालं. दात खाण्यालाही इतर कारणं असतात, काही औषधंसुद्धा. तपासून घ्यायचं ते आधी तपासून घ्यावं.

डॉक्टरांनी सांगितलेली एक गोष्ट मला तोवर ठाऊकच नव्हती. एरवी वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले नसतात. ओठ मिटलेले, पण दातांमध्ये दोन-तीन मिलिमीटर फट. माझे दिवसाही टेकलेले असायचे, साधा ईमेल वाचतानासुद्धा. आता आठवलं की जबडा सैल सोडते आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावते. नाडी उतरलेली कळते.

दाढेला कॅप बसली. रात्री दातांवर नाइट गार्डचं कवच घालते, सकाळी धुताना त्यावरचे ओरखडे उजेडात धरून बघते. महिनाअखेरीला जास्त असतात.