आमची वाटचाल : फ्रिजच्या खालच्या कप्प्यापासून

आमच्या धंद्यातलं पहिलं यंत्र म्हणजे घरातला फ्रिज. खालच्या कप्प्यात ओल्या कापडात गुंडाळलेलं लेट्यूसचं बी असायचं आणि ताई रोज सकाळी दूध काढताना पुडी उलगडून बघायची. आज शेडनेट आहे, स्वतःची शीतखोली आहे, कायमची पाच माणसं आहेत. तरी आम्ही तरलो कशामुळे असं कुणी विचारलं, तर मी त्या कप्प्याकडेच बोट दाखवीन.

आम्ही दोघं भावंडं. ताई रोपवाटिका बघते, मी विक्री आणि पोचवणं. सुरुवातीचा हिशोब अगदी सरळ होता. आपल्याकडे हिवाळा सौम्य, रान गोठत नाही. थंड मुलखात शेतं बर्फाखाली असतात तेव्हा आपलं लेट्यूस उघड्यावर वाढेल. यात चूक काहीच नव्हती. फक्त हिवाळ्याच्या तोंडाशी माल हवा असेल तर बी उकाडा पुरता सरायच्या आत टाकावं लागतं, आणि ते ऊन लेट्यूसच्या बियाला मानवत नाही, हे आमच्या गावीही नव्हतं.

पहिल्या वर्षी चाळीस ट्रे भरले. आठवड्याने मोजलं तर शंभर खणांमागे पाच-सहा रोपं. बी विकणाऱ्याशी मी फोनवर कडाकडा भांडलो. दुसरं बी आणलं, पुन्हा तेच. वैतागून सगळे ट्रे शेडमागच्या ढिगावर उपडे केले. तीन आठवड्यांनी रात्री गार पडू लागल्या आणि एका सकाळी त्या ढिगावर पोपटी लव उठलेली दिसली. लेट्यूसच! बी मेलं नव्हतं, गारव्याची वाट बघत बसलं होतं. विक्रेत्याची माफी मागायला मला आणखी महिना लागला, ते जाऊ द्या.

मग शिकायला बसलो. लेट्यूसचं बी 15 ते 20 अंशांना दोन-चार दिवसांत फुटतं. माती 30 अंशांच्या आसपास गेली की बऱ्याच जातींचं बी पाणी पिऊनही गप्प राहतं. दुसरी चूक आमच्या बोटांची होती. इतर भाज्यांच्या सवयीने आम्ही बी पेरभर खोल दाबत होतो, आणि बऱ्याच जातींना फुटायला उजेड लागतो. 1952 साली अमेरिकेच्या कृषी खात्यातले बॉर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांचे सहकारी यांनी लेट्यूसच्याच बियांवर प्रयोग केले होते. लाल प्रकाश दिला की बी फुटायला तयार होतं, त्यावर अतिरक्त, म्हणजे लालच्या जरा पलीकडचा, प्रकाश दिला की पुन्हा झोपतं, आणि कितीही वेळा आलटून पालटून दिलं तरी शेवटचा प्रकाश कोणता यावर सगळं ठरतं. मला हे वाचून गंमत वाटली. ताईने वाचलं आणि त्याच दिवशी मातीचा जाड थर बंद केला. आता बियांवर नुसती चिमूटभर कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, भुरभुर असते, तीन-चार मिलिमीटरची.

पद्धत तिनेच बसवली. बी ओल्या कापडात, दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये, मग ऊन उतरल्यावर पेरणी, म्हणजे पहिली रात्र तरी गार मिळते. ट्रे सावलीत, खालून हवा खेळेल असे मांडून. गोळी केलेलं बी मात्र भिजवायचं नाही, वरचा लेप विरघळून चिखल होतो. त्याचे ट्रेच पेरून गार खोलीत ठेवतो. एका ग्रॅममध्ये हजाराच्या आसपास बिया असतात, त्यामुळे एक पुडी बिघडली की अख्खी खेप जाते. रोपवाटिकेतला थर्मामीटर ती स्वतः बघते. मी सांगितलेला आकडा तिला चालत नाही.

रानातली गोष्ट त्या मानाने सोपी. मुळं उथळ, म्हणून ठिबकने थोडं थोडं पण रोज पाणी. दोन रोपांत वीतभरापेक्षा थोडं जास्त अंतर. दर दहा-बारा दिवसांनी नवी लावणी, नाहीतर एकदम ढीग आणि मग दुष्काळ. आइसबर्ग आम्ही दोन वर्षांत सोडलं. उबदार दिवसांत गड्डा घट्ट बसेना. रोमेन, सुट्ट्या पानांच्या जाती आणि बटाविया प्रकार ऊब जास्त सोसतात. लाल पानांना रंग चढायला गार रात्री आणि लख्ख उजेड लागतो, म्हणून त्यांचं वचन आम्ही ऐन हिवाळ्यापुरतंच देतो.

एक हंगाम मात्र करपलेल्या कडांनी खाल्ला. आतल्या कोवळ्या पानांचं टोक तपकिरी पडायचं. कॅल्शियम कमी पडतं एवढं कळलं, म्हणून हंगामभर फवारलं. शून्य फरक. जमिनीत कॅल्शियम भरपूर होतं. ते पाण्याच्या ओढीबरोबर वर चढतं, आणि मिटलेल्या आतल्या पानांतून बाष्प फारसं उडतच नाही, म्हणून तिथवर पोचत नाही. फवाराही आत शिरत नाही. नत्र कमी केलं, पाणी एकसारखं ठेवलं, काढणी चार दिवस अलीकडे आणली, आणि प्रकार आटोक्यात आला.

सगळ्यात महाग पडली ती माझी जीभ. एका मोठ्या स्वयंपाकघराला मी बारा महिने माल देईन म्हणून बसलो. दिवस मोठे झाले, उकाडा चढला आणि रोपांच्या पोटातून डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, वर यायला लागले. तसाच माल पाठवला. तिथल्या मुख्य स्वयंपाक्यांनी पान तोंडात घातलं, चावलं, काही बोलले नाहीत. मग एक दांडा मोडून माझ्यासमोर धरला. मोडल्या जागी पांढरा चीक टपोरा जमला होता. ‘तुम्हीच खाऊन बघा,’ म्हणाले. लॅटिनमध्ये लॅक म्हणजे दूध, त्यावरूनच या झाडाचं शास्त्रीय नाव लॅक्टुका पडलं. आणि कडूपणा आणणारी द्रव्यं त्याच चिकात असतात. हे मला ठाऊक होतं. तरी पाठवलं, हा माझा दोष.

त्यानंतर कडक उन्हाळ्याचे चार महिने लेट्यूस बंद. शेडनेटने दोन-तीन आठवडे पुढे ढकलता येतात, सगळा उन्हाळा नाही. त्या काळात ऊन सोसणाऱ्या दुसऱ्या पालेभाज्या, आणि नळ्या, ट्रे धुणं, डागडुजी. दोन गिऱ्हाइकं गेली. ते स्वयंपाकी टिकले.

काढणीचं एवढंच सांगतो, पहाटे, पान ताठ असताना, आणि लगेच गार पाण्यात. पान मऊ पडल्यावर मागाहून कितीही गार केलं तरी तो कुरकुरीतपणा येत नाही. शीतखोली शून्याच्या जरा वर आणि भरपूर दमट. आधी भाडं वाचवायला आम्ही फळवाल्याबरोबर एकच खोली वापरायचो. पिकत्या फळांतून इथिलिन वायू सुटतो आणि त्याने लेट्यूसच्या शिरांवर तांबूस ठिपके पडतात, हे तीसेक क्रेट परत आल्यावर कळलं. खोली वेगळी झाली ती तेव्हा.

गेल्या आठवड्यात त्याच स्वयंपाक्यांचा फोन आला, पहिले क्रेट कधी? मी ‘येतीलच’ म्हणणार होतो. ताईने फोन हातातून घेतला आणि सांगितलं, ‘अहो, अजून बी फ्रिजमध्ये आहे.’