गोठ्यातले बूट आणि ऑकलंडचा विमानतळ

न्यूझीलंडहून आल्यापासून जो भेटतो तो तिथल्या मिलफर्ड साउंड या डोंगरकड्यांतल्या खाडीचे फोटो मागतो. फोटो आहेत, छान आहेत, आणि तसेच फोटो इंटरनेटवर हजारांनी सापडतील. मला सांगायचंय ते ऑकलंड विमानतळावरच्या एका काउंटरबद्दल, जिथे एका सरकारी माणसाने माझे बूट ब्रशने घासून धुतले.

आमची बाग रत्नागिरीजवळ पावसला. हापूसची कलमं, थोडे माड, थोडी सुपारी आणि गोठ्यात तीन गायी. भातकापणी उरकली की मोहराच्या फवारण्या सुरू होईपर्यंत जरा उसंत मिळते, म्हणून नोव्हेंबर गाठला. पुतण्या निखिल ऑकलंडच्या पापाटोएटोए भागात राहतो. निघायच्या आधी त्याचं रोज एकच पालुपद: "काका, जे काय आणताय ते सगळं फॉर्मवर लिहा. लिहिलंत तर फार तर काढून घेतील. लपवलंत तर जागच्या जागी ४०० डॉलर." म्हणजे आपले वीस हजारांच्या आसपास.

मुंबईला चेक-इनच्या रांगेत एक ठाण्याचे गृहस्थ भेटले. त्यांचा सल्ला बरोब्बर उलटा. "सगळ्याला 'नो' करायचं. एक 'येस' केलं की दोन तास गेलेच म्हणून समजा." इतक्या ठामपणे सांगत होते की मागच्या दोघांनी मोबाइल काढून आपला भरलेला फॉर्म पुन्हा उघडला. आपल्याकडे माहितीपेक्षा आवाज चालतो.

फॉर्मवर खायच्या वस्तूंचे प्रश्न तर होतेच, पण माझी गाडी अडली ती वेगळ्याच ठिकाणी. गेल्या ३० दिवसांत तुम्ही शेतावर, रानात गेला होता का? कुत्रा-मांजर सोडून इतर जनावरांच्या संपर्कात आला होता का? तीस दिवस कसले, निघायच्या दिवशी पहाटे मी धार काढून आलो होतो! बायको म्हणाली, "लिहा खरं ते. उगाच परदेशात शोभा नको." सगळीकडे 'येस' केलं. सिंगापूरला विमान बदललं. तिथल्या कॉफीच्या किमतीबद्दल लिहायला बसलो तर चिडचिड होईल, म्हणून तो भाग सोडतो.

ऑकलंडला उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याकडे जाताना मोठ्या कचरापेट्या ठेवलेल्या दिसतात. अजून वेळ आहे, फळ-बिळ असेल तर टाका, असं त्यांच्यावर लिहिलेलं. कुणीतरी अर्धं सफरचंद टाकत होतं. पट्ट्याशी बीगल जातीचं एक कुत्रं बॅगा हुंगत फिरत होतं. ते भुंकत नाही, ओढत नाही. वास लागला की बॅगेशेजारी नुसतं बसतं. ते ठाणेकरांच्या निळ्या बॅगेशेजारी बसलं. आतून ओल्या फडक्यात आणि वर वर्तमानपत्रात गुंडाळलेला कढीपत्त्याचा गड्डा निघाला. त्यांची कीव आली असं लिहिलं तर ते खोटं होईल.

आमच्या काउंटरला फिजीकडच्या भारतीय वंशाच्या एक बाई होत्या. पिशवी उघडून त्यांनी त्यांच्या गोड हिंदीत विचारलं, "ई सब का है?" मी एकेक सांगत गेलो. कुळथाचं पीठ, मेतकूट, आंबापोळी हे त्यांनी उलटसुलट करून, वाचून, हुंगून परत पिशवीत ठेवलं. खव्याचे पेढे बाजूला गेले. मधाची बाटली गेली, आणि मध असतो म्हणून च्यवनप्राशही. बायकोच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या मूळ पाकिटात होत्या, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी होती आणि साठा तीन महिन्यांच्या आतला, त्यामुळे तिथे काही अडलं नाही. वैद्यांनी कागदाच्या पुड्यांत बांधून दिलेलं चूर्ण मात्र गेलं. पुडीवर नाव नाही, गाव नाही, आत काय आहे ते वैद्यांनाच ठाऊक. बायकोला पेढ्यांपेक्षा चूर्णाचं जास्त वाईट वाटलं.

मधाचं मी विचारलं, कारण मध नासत नाही, मग त्याने काय बिघडतं? त्या म्हणाल्या, आमच्या मधमाश्यांना काही ठराविक रोग अजून लागलेले नाहीत. मधमाश्यांच्या अळ्या मारणारा युरोपियन फाउलब्रूड त्या देशात नाही, आणि तो मधातून येऊ शकतो. मधमाश्यांवर जगणारा व्हरोआ नावाचा कोळी २००० साली तिथे घुसला, तो आता जात नाही. तिथल्या मानुका झुडपाच्या मधावर ज्यांचं पोट आहे, ते परक्या बाटलीला एवढे का घाबरतात हे कळलं.

मग त्यांनी विचारलं, "गाय-वाय छुआ? जूता कौन सा था?"

बागेत घालतो ते जाड तळव्याचे बूट मी तिकडच्या डोंगरात चालायला म्हणून बॅगेत घेतले होते. घरी नळाखाली धुतलेले, पण तळव्याच्या खाचांत काय काय अडकून बसतं ते बागायतदाराला वेगळं सांगायला नको. बाईंनी एका तरुणाला हाक मारली. हा उंचापुरा, मनगटापासून कोपरापर्यंत गोंदलेला, तिथल्या मूळच्या मावरी लोकांतला पोरगा. त्याने बूट उलटे करून दिव्याखाली धरले, खाचेतून लाल जांभ्याची माती उकरली, आणि तिच्यात वाळक्या शेणाचा पोपडा आणि गवताचं एक कुसळ दाखवलं. रागावला नाही. "मी धुऊन आणतो," म्हणाला आणि बूट घेऊन मागच्या सिंककडे गेला.

मी जागच्या जागी अवघडलो. पाहुण्याचे पाय धुणारी आमची घरं, पण दुसऱ्याच्या पायताणाला आम्ही हात लावत नाही. गोठा धुतो तो आमचा गडी, आणि त्याला मी गेल्या कित्येक वर्षांत धन्यवाद म्हटल्याचं आठवत नाही. इथे इस्त्रीच्या गणवेशातला सरकारी माणूस जंतुनाशकात बुडवलेल्या ब्रशने माझ्या गायीचं शेण घासत उभा होता. मी मोडक्या इंग्रजीत म्हटलं, मला द्या, मी धुतो. तो मान हलवून हसला. माती बघून त्याने विचारलं, काय पिकवता? आंबा. आणि गायी किती? थ्री. त्याने ब्रश थांबवला. "थ्री हंड्रेड?" नाही बाबा, तीन. त्याचा भाऊ म्हणे तिकडच्या वायकाटो भागात सहाशे गायी पिळतो. मग बराच वेळ आम्ही दूध, गवत आणि पाऊस याच विषयांवर बोललो. मागे रांग वाढली असेल, पण कुणी च्यक् केलं नाही.

शेणाच्या एवढ्याशा पोपड्याची भीती कशाची, हे मला कुणी समजवायची गरज नव्हती. लाळ्या-खुरकूत आमच्या गोठ्याने पाहिलंय. गायीच्या तोंडाला फोड, खुरांत जखमा, दूध आटलेलं. आता वर्षातून दोनदा सरकारी लस टोचतात आणि कानात बिल्ला मारतात. रोग मात्र देशातून गेलेला नाही. त्याचा विषाणू शेणात, चिखलात, बुटाच्या तळव्यात टिकतो. ब्रिटनमध्ये २००१ साली हा रोग पसरला तेव्हा साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. न्यूझीलंडमध्ये तो नाही, आणि तिथली सगळी अर्थव्यवस्था गायीच्या सडाशी बांधलेली आहे. २०१७ साली मायकोप्लाझ्मा बोव्हिस हा गायींचा वेगळाच एक रोग तिथे सापडला, तर तो निपटायला त्यांनी पावणेदोन लाखांहून अधिक गुरं कापली. आणि आपले लोक काय काय नेतात! २०२१ मध्ये वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळावर भारतातून आलेल्या एका सुटकेसमध्ये चक्क गोवऱ्या निघाल्या होत्या.

बूट प्लास्टिकच्या पिशवीत, निथळत परत आले. आणल्या दिवशीसुद्धा इतके स्वच्छ नव्हते. सगळा मामला पाऊण तासात आटपला. ठाणेकर अजून पलीकडच्या टेबलाशी पाकीट उघडून उभे होते.

निखिलच्या घरी पहिल्या संध्याकाळी या विषयाला भलताच फाटा फुटला. २०२५ च्या जानेवारीत त्याच्याच भागात, पापाटोएटोएमध्ये, टेहळणीच्या सापळ्यात एक फळमाशी सापडली होती. एक! नर. देशभर असे सात हजारांहून अधिक सापळे टांगलेले असतात. त्या एका नरापायी गल्लीगल्लीत फलक लागले, फळं-भाज्या हद्दीबाहेर न्यायला बंदी आली, टाकाऊ फळांसाठी वेगळ्या पेट्या ठेवल्या. निखिलला ऑफिसच्या डब्यात केळंसुद्धा नेता येईना. दुसरी माशी मिळाली नाही आणि फेब्रुवारीत बंधनं उठली.

माशी कुठली? बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस. म्हणजे आमचीच. हापूसला डंख मारून आत अंडी घालणारी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे रक्षक सापळे मी बागेत टांगतो आणि मे महिन्यात त्यातून मेलेल्या माश्या मुठीमुठीने काढून फेकतो. मी हे सांगितलं तेव्हा निखिलची बायको, जी तिथेच वाढलेली आहे, माझ्याकडे घाबरून बघायला लागली. मला हसूही आलं आणि थोडा रागही आला. आम्ही ज्याला 'यंदा माशी जास्त आहे' एवढंच म्हणून सोडून देतो, त्यासाठी तिथे खातंच्या खातं रस्त्यावर उतरतं.

दक्षिण बेटावर बर्फ, तळी, मेंढ्या, ओले बूट, बायकोची गुडघेदुखी आणि प्रत्येक हॉटेलात पोटभर बटाटे. बस्स.

परतताना आपल्याकडे बुटांबद्दल कुणी विचारलं नाही. मीच सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. कायदा नाही असं नाही. वनस्पती संगरोधाचा, म्हणजे बाहेरून येणारी रोपं-बियाणं तपासून अडवायचा, आदेश आपल्याकडे २००३ पासून आहे. पण घरी पोचलो आणि रस्त्याच्या कडेला गाजर गवत दिसलं. ते १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा पुण्यात दिसलं, अमेरिकेतून आलेल्या धान्याबरोबर आलं असं मानतात. आता ते नाही असा तालुका दाखवा. माझ्या माडांच्या झावळ्यांवर पांढरी वर्तुळं काढणारी रुगोज पांढरी माशीसुद्धा पाहुणीच. मूळची मध्य अमेरिकेची, २०१६ साली तमिळनाडूत सापडली आणि किनाऱ्याने वर सरकत आली. पानं काळी पडतात, माडावर चढणारा पाडेली औषध मारायला दर झाडामागे पैसे मागतो. तिच्यासाठी कुणाच्या बॅगेपाशी कुठलं कुत्रं बसलं नाही.

निखिलला हापूस हवाय. बॅगेतून नेता येणार नाही, पण वाशीच्या केंद्रात गरम वाफेची प्रक्रिया करून रीतसर पेटी न्यूझीलंडला जाऊ शकते. मी त्याला म्हटलं, सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अंशांच्या वाफेतून निघालेला हापूस मी माझ्या नावाने पाठवणार नाही, मे महिन्यात तूच इकडे ये. पेटीचा खर्च आणि विमानाचं तिकीट यांत फारसा फरक पडत नाही असा माझा हिशेब आहे. त्याला तो पटत नाही.