आयोची ग्रहणं: मार्चच्या मध्यापर्यंतची नोंद

१० जानेवारी २०२६ ला गुरूची प्रतियुती झाली, म्हणजे आपल्याकडून पाहता तो सूर्याच्या बरोबर समोर आला. तेव्हापासून पट्टे, लाल डाग सगळं बाजूला ठेवून गुरूचा उपग्रह आयो याच्या ग्रहणांच्याच, म्हणजे त्याच्या गुरूच्या सावलीत जाण्या-येण्याच्या, मागे लागलोय. दुर्बीण तीच, सहा इंची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण), १२० पट.

यंदा गुरू पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ आहे, त्यामुळे अंबाजोगाईहून तो जवळपास डोक्यावर येतो आणि मधली हवा कमी लागते. मराठवाड्यातल्या निरीक्षकांनी असं वर्ष सोडू नये. जानेवारीत शेजारच्या ज्वारीला रात्रीच्या लाईटवर पाणी चालू असायचं. भिजल्या रानात दव इतकं, की आयपीस (डोळा लावायचं भिंग) खिशात उबदार ठेवावा लागे. आता काढणी उरकली. दव गेलं, धूळ आली.

प्रतियुतीआधी आयो गुरूच्या पश्चिमेला सावलीत बुडताना दिसतो. नंतर सावली पूर्वेकडे सरकते आणि दिसतं ते त्याचं बाहेर येणं. हे मला जास्त आवडतं. गुरूच्या कडेपासून थोड्या अंतरावर काळ्या आभाळात काहीच नसतं. मग तिथे काहीतरी असल्याचा भास होतो, नजर जरा बाजूला नेली की टिकतो. तेवढ्यात स्टॉपवॉच दाबायचं. पूर्ण तेज यायला साडेतीन मिनिटांच्या आसपास लागतात, कारण ३६४३ किलोमीटर व्यासाचा आयो सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने सावलीची कड ओलांडत असतो. जूनो यान डिसेंबर २०२३ मध्ये त्याच्यापासून १५०० किलोमीटरवरून गेलं, तिथले ज्वालामुखी आपण फोटोंत पाहिले. तोच हा ठिपका!

खरा उद्देश डॅनिश खगोलशास्त्रज्ञ ओले रोमरचा प्रयोग. आयोची फेरी साधारण साडेबेचाळीस तासांची. पृथ्वी गुरूपासून लांब जात असली की ग्रहणं हिशेबापेक्षा उशिरा दिसतात, कारण प्रकाशाला जास्त वाट कापावी लागते. १६७६ मध्ये रोमरने पॅरिसमध्ये यावरूनच प्रकाशाला वेग असतो हे मांडलं. जानेवारीअखेरची वेळ धरून मी पुढच्या फेऱ्या मोजत आलोय. फेब्रुवारीअखेर उशीर दोन मिनिटांच्या थोडा वर होता. आता साडेतीन ते चारच्या मध्ये आहे. एप्रिलच्या सुरुवातीला तो सहाच्या पुढे जायला हवा.

पुढे गुरूचा दुसरा उपग्रह गॅनिमीड घेणार आहे. तो गुरूपासून पुरेसा लांब असल्याने त्याचं बुडणं आणि उगवणं, दोन्ही एकाच बाजूला पाहता येतं. कड ओलांडायला मात्र त्याला आठेक मिनिटं लागतात, तेव्हा नेमका क्षण धरणं अवघड.

कुणी अशा वेळा घेत असेल तर सेकंदांसह लिहा आणि दुर्बिणीचा व्यासही द्या. लहान दुर्बिणीत पहिली चमक उशिरा लागते, ते धरल्याशिवाय आपल्या नोंदी एकमेकींशी जुळणार नाहीत.