थीम बदलण्याआधी हे बघा: विममध्ये कोडला रंग येतो कुठून

विम या टेक्स्ट एडिटरमध्ये कोडचे रंग बरोबर दिसत नाहीत म्हटलं की लोक पहिल्यांदा काय करतात, तर नवीन कलरस्कीम, म्हणजे रंगांची थीम, शोधायला जातात. एक टाकली, नाही आवडली, दुसरी टाकली, तिच्यात कॉमेंट वाचता येत नाहीत, मग तिसरी, आणि बघता बघता दुपार संपते. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण दहापैकी आठ वेळा दुखणं कलरस्कीममध्ये नसतंच. रंग स्क्रीनवर यायच्या आधी तीन टप्पे असतात आणि त्यातला कुठला बिघडलाय हे कळलं की काम पाच मिनिटांचं असतं. रोज सर्व्हरवर विम उघडून बसणाऱ्यांसाठी हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय. कमांड देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये करायच्या.

पहिला टप्पा म्हणजे ही फाइल कुठल्या भाषेची आहे हे विमला कळणं, त्याला फाइलटाइप म्हणतात. दुसरा टप्पा सिंटॅक्स फाइल, ती मजकुराचे तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्याला नाव देते, ही स्ट्रिंग, ही कॉमेंट, हे फंक्शन वगैरे, या नावांना ग्रुप म्हणतात. तिसरा टप्पा त्या नावांना रंग देणं, कलरस्कीमचं काम फक्त एवढंच. म्हणजे सिंटॅक्स फाइलनं एखाद्या शब्दाला नावच दिलं नसेल तर जगातली कुठलीही कलरस्कीम आणा, तो शब्द साधाच दिसणार.

आणि या तिन्हीच्या आधी एक गोष्ट बघून घ्या, तुमच्याकडे असलेलं विम पूर्ण आहे का. उबंटूच्या छोट्या इमेजवर बऱ्याचदा विम-टायनी असतं, त्यात सिंटॅक्सचा भागच नसतो. तिथं ‘सिंटॅक्स ऑन’ टाइप केलं की ही कमांड या व्हर्जनमध्ये नाही असा एरर येतो आणि माणूस विमआरसी ही सेटिंगची फाइल उलटीपालटी करत बसतो. विमला व्हर्जन विचारा, यादीत सिंटॅक्ससमोर वजा चिन्ह दिसलं तर पूर्ण विम इन्स्टॉल करा, विषय संपला. बाकी ही सोय विममध्ये सुरुवातीपासून नव्हती बरं का, ब्राम मोलेनार यांनी विम पहिल्यांदा लोकांसमोर आणलं 1991 मध्ये, अमिगा कॉम्प्युटरसाठी, आणि सिंटॅक्स हायलाइटिंग आलं 1998 च्या 5.0 मध्ये.

फाइलटाइप चुकण्याची कारणं ठरलेली आहेत. डॉट एच ही फाइल सी ची पण असते आणि सी प्लस प्लसची पण, विम तिला सी प्लस प्लस धरतं, तुम्हाला सी हवं असेल तर त्यासाठी वेगळं व्हेरिएबल सेट करावं लागतं. डॉट पीएल म्हणजे पर्ल की प्रोलॉग, डॉट एम म्हणजे मॅटलॅब की ऑब्जेक्टिव्ह-सी, अशा ठिकाणी विम फाइलच्या सुरुवातीच्या ओळी वाचून अंदाज बांधतं, आणि अंदाज म्हटला की तो कधीतरी चुकणारच. एक्स्टेंशनच नसलेल्या स्क्रिप्टला पहिल्या ओळीतल्या शेबँगवरून, म्हणजे ही स्क्रिप्ट कशानं चालवायची ते सांगणाऱ्या खुणेवरून, ओळखतं, म्हणून शेबँग लिहायचा कंटाळा करू नका. रंग विचित्र दिसले की सगळ्यात आधी ‘सेट फाइलटाइप प्रश्नचिन्ह’ करून उत्तर बघा. उत्तर चुकीचं किंवा रिकामं असेल तर पुढं काहीही बघायची गरज नाही, बिघाड तिथंच आहे. काही जण फाइलच्या शेवटी मोडलाइन लिहून फाइलटाइप सांगतात, पण डेबियन आणि उबंटूवर ती मुळात बंद असते, त्यामुळे तिच्यावर फार विसंबू नका.

आता दुसरा टप्पा, आणि माझ्या मते खरी मजा इथंच आहे. आमच्या ऑफिसात रात्री चालणाऱ्या जॉब्ससाठी एक आमचाच फॉरमॅट आहे, एक्स्टेंशन पण आमचंच, त्यामुळे जगातल्या कुठल्याही एडिटरला तो माहीत असण्याचं कारण नाही. चौकटी कंसात जॉबचं नाव, खाली वेळ, कमांड, अवलंबून असलेले दुसरे जॉब, असं. कित्येक वर्षं सगळे ती फाइल पांढऱ्या अक्षरांत वाचत होते. तिला रंग द्यायला लागल्या दोन छोट्या फाइली. एफटीडिटेक्ट फोल्डरमध्ये एक ओळीची फाइल, या एक्स्टेंशनला हा फाइलटाइप म्हणून, आणि सिंटॅक्स फोल्डरमध्ये पंधरा-वीस ओळींची दुसरी.

सिंटॅक्स फाइलमध्ये तुकडे ओळखायची तीनच प्रकारची वाक्यं असतात. कीवर्ड म्हणजे ठरलेले पूर्ण शब्द. मॅच म्हणजे रेजेक्समध्ये, म्हणजे मजकुराचा नमुना सांगणाऱ्या सूत्रात, बसणारा तुकडा. रीजन म्हणजे इथून सुरू, तिथं संपलं, मधलं सगळं एक, स्ट्रिंग आणि मोठ्या कॉमेंटसाठी हेच लागतं. ऐकायला सोपं वाटतं आणि सोपं आहेच, फक्त कोण कोणावर मात करतं ते माहीत पाहिजे. दोन मॅच किंवा रीजन एकाच जागी सुरू होत असतील तर फाइलमध्ये नंतर लिहिलेलं जिंकतं. पण कीवर्ड असेल तर तोच जिंकतो, तुम्ही मॅच कितीही खाली लिहा. आमच्या फॉरमॅटमध्ये ‘स्टार्ट’ हा कीवर्ड होता आणि ‘स्टार्ट-टाइम’ असा डॅश असलेला दुसरा शब्द होता, दुसऱ्यासाठी वेगळा मॅच लिहिलेला, तरी अर्धाच शब्द रंगायचा. कारण डॅश हे विमच्या हिशोबानं शब्दाचं अक्षर नाही, म्हणून ‘स्टार्ट’ तिथंच पूर्ण होतो आणि कीवर्ड त्याला आधी उचलतो. उपाय असा की त्या सिंटॅक्स फाइलपुरतं ‘सिंटॅक्स इजकीवर्ड’ लिहून डॅशला शब्दात घ्यायचं आणि ‘स्टार्ट-टाइम’ पण सरळ कीवर्डच करायचा. हे एक कळलं की दुसऱ्यांच्या सिंटॅक्स फाइली वाचताना निम्मे प्रश्न सुटतात.

जॉबची नावं आमच्याकडे काही जण मराठीत लिहितात, आणि लिहावीतच असं माझं मत आहे. पण रेजेक्समध्ये नाव पकडायला बॅकस्लॅश डब्ल्यू वापरलं तर विममध्ये ते फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर एवढंच ओळखतं, देवनागरी त्याच्या खिजगणतीत नाही. बॅकस्लॅश के वापरा, त्यात देवनागरी अक्षरं काना-मात्रांसकट येतात. चार लोकांनी मला विचारलंय की मराठी नावांना रंग का येत नाही, त्या सगळ्यांचं उत्तर हे एक अक्षर होतं.

अवतरणचिन्हाबद्दल पण सांगतो. स्ट्रिंगचं शेवटचं चिन्ह राहिलं की रीजन पुढच्या ओळींवर सांडतो आणि सगळी फाइल एका रंगात जाते. काहींना हे आवडतं, चूक लगेच कळते म्हणून, पण नेमकी कुठल्या ओळीत ते शोधावंच लागतं. मी रीजनला वनलाइन लावतो, म्हणजे त्याच ओळीत बंद झाली तरच ती स्ट्रिंग, आणि त्याच्या आधी एक मॅच लिहितो की अवतरणचिन्ह सुरू होऊन ओळीच्या शेवटपर्यंत बंदच झालं नाही तर तो तुकडा एरर ग्रुपमध्ये. आता बरोबर तीच ओळ लाल होते, बाकी फाइल जागच्या जागी. ही एक ओळ लिहिल्यापासून रात्री दोनला जॉब पडला म्हणून फोन येणं खूप कमी झालंय, मनापासून सांगतो.

तयार भाषांमध्ये थोडा बदल हवा असेल तर मूळ सिंटॅक्स फाइलला अजिबात हात लावू नका, पुढच्या अपडेटला सगळं पुसलं जाईल. तुमच्या डॉट विम फोल्डरमध्ये आफ्टर, त्यात सिंटॅक्स, त्यात त्या भाषेच्या नावाची फाइल, ती सगळ्यात शेवटी लोड होते. उदाहरण म्हणून माझ्या पायथनच्या फाइलमधली एक ओळ देतो: ‘सिंटॅक्स कीवर्ड पायथनटूडू कंटेन्ड बाकी तपासा’. पायथनच्या कॉमेंटमध्ये टूडू आणि फिक्समी हे शब्द आधीपासूनच उठून दिसतात, या ओळीनं ‘बाकी’ आणि ‘तपासा’ हे आपले शब्द पण त्यांच्यात गेले. टीममधले आम्ही कॉमेंट मराठीत लिहितो, मग खुणेचा शब्द तेवढा इंग्रजीत का असावा. त्यातलं कंटेन्ड विसरू नका, ते नसेल तर कॉमेंटच्या बाहेर कुणी ‘बाकी’ नावाचं व्हेरिएबल केलं तर ते पण रंगेल.

बदलायच्या तुकड्याचं नाव काय हे कसं शोधायचं, तर कर्सर त्यावर ठेवून सिनस्टॅक फंक्शन चालवायचं, ते ग्रुपचे आकडे देतं आणि त्यांची नावं सिनआयडीअ‍ॅटर देतं. मी दोन्ही एका की ला बांधून ठेवलेत. निओविम या विमच्या नव्या अवतारात 0.9 पासून सरळ ‘इन्स्पेक्ट’ अशी कमांडच आहे. व्हीएस कोडवाल्यांनो, तुमच्याकडे कमांड पॅलेटमध्ये टोकन आणि स्कोप इन्स्पेक्ट करायची सोय आहे, तिथं जे स्कोपचं नाव मिळेल ते सेटिंग्जमध्ये टोकन कलर कस्टमायझेशनखाली टाकलं की झालं, त्यासाठी अख्खी थीम बदलायची गरज नाही.

आता रंग. पायथनकॉमेंट हा ग्रुप कॉमेंटला लिंक केलेला असतो, पायथनस्ट्रिंग स्ट्रिंगला, आणि कलरस्कीम रंग देते ती या मोजक्या मूळ नावांना, म्हणून एकच थीम शेकडो भाषांना चालते. तुमच्या फॉरमॅटलाही असंच लिंक करा, थेट रंग लिहू नका, नाहीतर कुणी पांढऱ्या बॅकग्राउंडवर उघडली की पिवळी अक्षरं गायब. आणि विमआरसीत तुम्ही स्वतः लिहिलेल्या हायलाइटच्या ओळी कलरस्कीमच्या ओळीच्या वर असतील तर त्या वाया जातात, कारण कलरस्कीम लोड होताना आधीचं सगळं पुसून टाकते. त्या ओळी कलरस्कीम बदलल्यावर चालणाऱ्या ऑटोकमांडमध्ये ठेवा.

बहुतेक थीम कॉमेंटला फिकट राखाडी करतात आणि मला हे मुळीच पटत नाही. इफ आणि रिटर्न तर डोळे मिटूनही कळतात, पण ही अट का घातली हे कुणीतरी वेळ काढून कॉमेंटमध्ये लिहिलंय, तेच सगळ्यात मंद दाखवायचं? माझ्याकडे कॉमेंट सगळ्यात ठळक, स्ट्रिंग आणि आकडे त्याखालोखाल, कीवर्ड जवळजवळ साध्या रंगात. दोन दिवस डोळ्यांना वेगळं वाटतं, मग जुना कोड वाचताना फरक कळतो. त्यात मराठी कॉमेंट असतील तर इटॅलिक तेवढं काढून टाका. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टना खरं इटॅलिक नसतं, मग सरळ अक्षरच ओढून तिरकं केलं जातं, वेलांट्या शेजारच्या अक्षरावर झुकतात आणि जोडाक्षरं वाचवत नाहीत. कॉमेंट ग्रुपला इटॅलिक नको एवढं सांगणारी एक ओळ पुरते. आणि टीमसाठी रंग ठरवत असाल तर बरोबर आणि चूक यांतला फरक फक्त हिरव्या आणि लाल रंगावर ठेवू नका, बऱ्याच पुरुषांना हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत आणि ते स्वतःहून सांगतीलच असं नाही. एररला रंगाबरोबर अंडरलाइन द्या.

लॅपटॉपवर रंग छान आणि टीमक्समध्ये (एका टर्मिनलमध्ये अनेक सेशन चालवणारा प्रोग्राम) गेलं की सगळं मळकट, असं होत असेल तर थीमला दोष देऊ नका. टर्मजीयूआयकलर्स हे सेटिंग चालू असेल तर विम 24 बिटचे रंग पाठवतं, ते टर्मिनल आणि टीमक्स दोघांना कळले पाहिजेत, आणि टीमक्सच्या आत साध्या विमला ते रंग कसे पाठवायचे हे दोन वेगळ्या सेटिंगमध्ये सांगावं लागतं.

मोठ्या फाइलमध्ये मध्येच उडी मारली आणि रंग उलटे झाले, म्हणजे कोड स्ट्रिंगसारखा आणि स्ट्रिंग कोडसारखी, तर विमनं वेळ वाचवायला थोड्याच ओळी मागं जाऊन अंदाज बांधलाय. ‘सिंटॅक्स सिंक फ्रॉमस्टार्ट’ केलं की पहिल्या ओळीपासून नीट वाचतं, फाइल फार मोठी असेल तर जरा हळू चालेल. आणि रंग अचानक पूर्ण बंद पडले तर रीड्रॉटाइम हे सेटिंग बघा, रंग काढायला 2000 मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला की विम ते काम सोडून देतं.

निओविम वापरत असाल तर 0.5 पासून, म्हणजे 2021 पासून, ट्री-सिटर आहे. ते मॅक्स ब्रन्सफेल्ड यांनी गिटहबमध्ये अ‍ॅटम एडिटरसाठी सुरू केलं, अ‍ॅटम 2022 च्या डिसेंबरमध्ये बंद झाला पण ट्री-सिटर टिकलं. ते रेजेक्सवर चालत नाही, कोडचं खरं पार्सिंग करून, म्हणजे भाषेच्या व्याकरणानं (ग्रामरनं) वाचून, झाड बनवतं, म्हणून वरच्यासारखे अंदाज चुकण्याचे प्रकार जवळपास जातात. तिथं तुमचे बदल आफ्टर फोल्डरमधल्या क्वेरीजमध्ये, म्हणजे झाडाच्या कुठल्या भागाला काय नाव ते सांगणाऱ्या फाइलींत, जातात, पहिल्या ओळीत एक्स्टेंड्स लिहायचं म्हणजे मूळ क्वेरी राहते आणि तुमची तिच्यात मिळते. पण आमच्या जॉबच्या फॉरमॅटला अख्खं ग्रामर लिहिणं मला जास्तीचं वाटतं, आणि सर्व्हरवर निओविम असेलच याची खात्री नसते. त्यामुळे त्या दोन छोट्या फाइली आणि आफ्टर फोल्डर मी गिटमध्ये ठेवलेत, नवीन सर्व्हर मिळाला की क्लोन करायचं, डॉट विममध्ये लिंक द्यायची, आणि कामाला लागायचं.