आमची वाटचाल – टर्बाइनच्या न फिरणाऱ्या पात्यांसोबत

तुमची कंपनी नक्की करते काय, हा प्रश्न आम्हाला नेहमी येतो, आणि गॅस टर्बाइन म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यापुढे फिरणारी पाती येतात, म्हणून आधी हे सांगून टाकतो की आमचं काम त्या फिरणाऱ्या पात्यांच्या बरोबर पुढे बसलेल्या, जागेवरून न हलणाऱ्या पात्यांचं. कंबशनमधून, म्हणजे इंधन जळतं त्या भागातून, निघालेला गॅस आधी यांच्यावर येतो, ही त्याला वळवतात, त्याचा वेग वाढवतात आणि मग तो फिरणाऱ्या ब्लेडवर जाऊन आदळतो. शॉपमध्ये आम्ही यांना नोझल म्हणतो, विमानाच्या इंजिनांवर काम केलेले लोक गाइड व्हेन म्हणतात, वस्तू तीच. नोझल आणि त्यामागची फिरणारी ब्लेड मिळून एक स्टेज, आणि पहिल्या स्टेजच्या नोझलला सगळ्यात गरम गॅस झेलावा लागतो, जुन्या पिढीच्या मोठ्या मशीनमध्येसुद्धा तिथे ११०० डिग्री सेल्सिअसच्या वर तापमान असतं. ती फिरत नाहीत म्हणून त्यांच्यावर फिरण्याचा ताण नाही हे खरं, पण मशीन चालू झालं की भराभर तापायचं आणि ट्रिप झालं, म्हणजे अचानक बंद पडलं, की तितक्याच पटकन गार व्हायचं, कडा पातळ म्हणून आधी तापतात, बाजूची भिंत जाड म्हणून मागे राहते, आणि ह्या ओढाताणीत क्रॅक जातात. मागच्या धारेला, पात्याचा आणि बाजूच्या भिंतीचा जिथे सांधा आहे तिथल्या गोलाईत, आणि कूलिंगच्या भोकांच्या भोवती. कुठलाही सेट, म्हणजे एका स्टेजच्या नोझलची रिंग, उघडा, पहिले ह्या तीन जागा बघायच्या.

सुरुवात आम्ही तिघांनी केली, एक टिग वेल्डिंगचं मशीन, एक ग्राइंडर आणि भाड्याची जागा. तेव्हा टर्बाइनचं नावही नव्हतं, व्हॉल्वच्या सीटवर स्टेलाइट चढवायचं काम करायचो. हे स्टेलाइट म्हणजे कोबाल्ट आणि क्रोमियमचा मिश्रधातू, एल्वूड हेन्स यांनी १९०७ साली त्याचं पेटंट घेतलं होतं, आणि त्याच घराण्यातला व्हायटॅलियम नावाचा, दातांच्या कवळ्यांसाठी वापरला जाणारा मिश्रधातू दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या टर्बोसुपरचार्जरच्या पात्यांना वापरला गेला. पुढे त्यातूनच एक्स-४० आला, आणि एक्स-४० मधलं कार्बन साधारण निम्म्यावर आणून, क्रोमियम २९ टक्क्यांपर्यंत वाढवून एफएसएक्स-४१४ आला, ज्याची हजारो नोझल आजही जगभर चालतायत. मला हा इतिहास फार आवडतो, कारण आम्ही नकळत त्याच रस्त्याने गेलो. एका पॉवर प्लांटचे मेंटेनन्सवाले साहेब व्हॉल्वचं काम घेऊन यायचे, त्यांनी एकदा विचारलं, तुम्ही कोबाल्टवर वेल्डिंग करताच तर आमची नोझल बघता का. आम्ही हो म्हणालो. काय बघायचं असतं ते माहीत नव्हतं तरी हो म्हणालो.

तो पहिला सेट मी कधीच विसरणार नाही. क्रॅक ग्राइंड करून काढले, डाय, म्हणजे भेगेत शिरून युव्ही लाइटखाली चमकणारा रंग, लावून बघितलं, क्लीन, मग आमच्या वेल्डर काकांनी इतकं देखणं वेल्डिंग केलं की मी फोटो काढून ठेवले होते. परत डाय, परत क्लीन. स्ट्रेस रिलीव्ह करायला, म्हणजे वेल्डिंगचा ताण घालवायला, दुसऱ्यांच्या फर्नेसमध्ये पाठवलं आणि परत आल्यावर युव्ही लाइटखाली धरलं तर वेल्डिंगच्या दोन्ही बाजूंना हिरव्या-पिवळ्या रेषा चमकत होत्या, एक-दोन नाही, जवळपास प्रत्येक सेगमेंटवर, म्हणजे रिंगच्या प्रत्येक तुकड्यावर. तिघंही त्या अंधाऱ्या खोलीत उभे होतो आणि कोणी काही बोलेना.

कारण समजायला आम्हाला कित्येक महिने लागले. एक तर हजारो तास भाजून निघालेल्या ह्या धातूत कार्बाइडचे कण इतके साचतात की तो ठिसूळ होतो, नवीन कास्टिंग जितकं ताणलं जातं तितकं हे जुनं ताणलं जात नाही, आणि वेल्डिंग गार होताना आक्रसतं तेव्हा शेजारचा धातू ताण घेण्याऐवजी फाटतो. म्हणून आधी व्हॅक्यूम फर्नेसमध्ये साधारण ११५० डिग्रीला काही तास ठेवून ते कार्बाइड पुन्हा विरघळवायचं, म्हणजे धातूत थोडा लवचिकपणा परत येतो, आणि मगच वेल्डिंग. आम्ही ही पायरी केलीच नव्हती. दुसरं कारण जास्त जिव्हारी लागलं. ग्राइंडिंग करताना वरचा धातू सारवल्यासारखा पसरतो आणि क्रॅकचं तोंड झाकतो, डायला आत शिरायला जागाच राहत नाही, त्यामुळे जे आम्हाला क्लीन दिसलं होतं ते क्लीन नव्हतंच, झाकलेलं होतं. ग्राइंडिंगनंतर ॲसिडने हलकं एचिंग करायचं, तो पसरलेला थर काढायचा आणि मग डाय लावायचा. एवढी साधी गोष्ट! तो सेट आम्ही स्वतःच्या खर्चाने पुन्हा केला, काही सेगमेंट दोनदा केले, आणि साहेबांना जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी पुढचं काम थांबवलं नाही याचं मला आजही अप्रूप वाटतं.

तेव्हापासून आमच्याकडे वेल्डिंगपेक्षा वेल्डिंगच्या आधीचं काम मोठं आहे. सेट आला की आतले इन्सर्ट काढायचे, जुनं कोटिंग उतरवायचं, ग्रिट ब्लास्ट, म्हणजे खरखरीत कणांचा मारा करून साफ करायचं, मग डाय, मग प्रत्येक सेगमेंटचा नकाशा, कुठला क्रॅक कुठे, किती लांब, आरपार आहे का. भिंतीची जाडी अल्ट्रासॉनिकने मोजायची, कारण ऑक्सिडेशनने धातू खाल्लेला असतो आणि बाहेरून ते कळत नाही. त्यानंतर सोल्यूशन हीट ट्रीटमेंट, म्हणजे वर सांगितलेलं कार्बाइड विरघळवणं, आणि मग क्रॅक काढणं, म्हणजे कार्बाइडच्या बरने, म्हणजे छोट्या फिरत्या कटरने, क्रॅकच्या शेवटापर्यंत जायचं, आणि इथे घाई केली की संपलं. क्रॅकच्या आतल्या भिंतीवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा थर असतो, तो जरासा जरी राहिला तरी वर वितळलेला धातू त्याला चिकटत नाही, वरून भरलेलं दिसतं आणि खाली भेग तशीच.

निकेलच्या नोझलचं गणित वेगळं. त्यात ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम असतं, त्यांच्यामुळेच त्या धातूला गरम असताना ताकद येते, पण त्यांच्यामुळेच वेल्डिंगनंतर हीट ट्रीटमेंट करताना तो तडकतो. एकीकडे वेल्डिंगचा ताण सुटायला बघतो आणि त्याच वेळी धातू आतून कडक होत जातो, ह्या दोघांच्या शर्यतीत क्रॅक जातो. म्हणून तिथे आम्ही जमेल तिथे ६२५ नावाच्या निकेलच्या मिश्रधातूसारखा मऊ फिलर, म्हणजे वेल्डिंगमध्ये भरायचा धातू, घेतो, करंट कमीत कमी, आर्गॉन पाठीमागूनही द्यायचा, आणि ज्या जागी जास्त ताण येतो तिथे तो मऊ फिलर चालत नाही म्हणून ती जागा घ्यायचीच नाही. ऑक्साइडचंही तसंच, क्रोमियमचा ऑक्साइड अगदी कोरड्या हायड्रोजनमध्ये जास्त तापमानाला निघतो, ॲल्युमिनियम-टायटॅनियमचा नुसत्या हायड्रोजनला दाद देत नाही, त्याला हायड्रोजन फ्लोराइड लागतो. तो वायू अतिशय घातक आहे, आमच्यासारख्या छोट्या शॉपने तो ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आम्ही ते काम ज्यांच्याकडे पूर्ण व्यवस्था आहे त्यांच्याकडे पाठवतो, उशीर झाला तरी चालेल.

दुसरा मोठा धडा घशाचा. दोन शेजारच्या पात्यांमध्ये जी सगळ्यात अरुंद जागा असते तिला थ्रोट म्हणतात, आणि टर्बाइनसाठी नोझलचं खरं माप ते. सगळ्या थ्रोटचं मिळून क्षेत्रफळ वाढलं तर प्रेशर रेशो, म्हणजे कॉम्प्रेसर हवा किती पट दाबतो तो आकडा, उतरतो आणि मशीनचं आउटपुट कमी होतं, कमी झालं तर प्रेशर रेशो वाढून कॉम्प्रेसर सर्जच्या, म्हणजे आतली हवा उलटी फिरण्याच्या, जवळ जातो. आणि एकूण बरोबर असूनही एक थ्रोट मोठा आणि शेजारचा लहान असेल तर मागच्या फिरणाऱ्या ब्लेडला प्रत्येक फेरीत कमी-जास्त धक्के बसतात. म्हणजे आम्ही दुरुस्त केलेल्या स्थिर पात्यामुळे दुसऱ्या कुणाचं तरी फिरणारं पातं तुटू शकतं. हे पहिल्यांदा नीट डोक्यात शिरलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. तोपर्यंत आम्ही मागची धार हाताने, डोळ्याने, टेम्प्लेट लावून जुळवत होतो. मग आम्ही सगळं बाजूला ठेवून फिक्स्चर बनवलं, सेगमेंट मशीनमध्ये ज्या पृष्ठभागांवर बसतो त्याच पृष्ठभागांवर पकडणारं, आणि प्रत्येक थ्रोट तीन उंचीवर मोजायला लागलो. त्या फिक्स्चरवर जेवढे पैसे आणि दिवस गेले तेवढे कुठल्याच मशीनवर गेले नसतील, पण आज कुणी शॉप बघायला आलं तर मी आधी ते दाखवतो. शेवटी सगळे आकडे समोर ठेवून कुठला सेगमेंट रिंगमध्ये कुठे बसवायचा हेही आम्हीच लिहून देतो, म्हणजे मोठे मोठे एका बाजूला येत नाहीत.

दुसऱ्या स्टेजची नोझल फक्त बाहेरच्या टोकाला पकडलेली असतात, आतलं टोक मोकळं, त्यामुळे वर्षानुवर्षं गॅसच्या दाबाने ती हळूहळू मागे कलतात. ते आम्ही मोजतो, मर्यादेत असेल तर वेल्डिंगने भर घालून मशीनिंगने जागेवर आणतो, फार असेल तर नाही.

ब्रेझिंग आम्ही उशिरा सुरू केलं. बारीक बारीक क्रॅकचं जाळं असेल तिथे प्रत्येक क्रॅक वेल्ड करत बसलं तर पातं वाकतं, त्यापेक्षा मूळ धातूची पावडर आणि लवकर वितळणारी पावडर एकत्र करून क्रॅकमध्ये भरायची आणि व्हॅक्यूम फर्नेसमध्ये सगळं एकदम तापवायचं. वितळण्याचं तापमान खाली आणतो तो बोरॉन, आणि तापमानाला बराच वेळ धरून ठेवलं की तो बोरॉन हळूहळू मूळ धातूत पसरतो, मग तो सांधा पुन्हा सहज वितळत नाही. वेळ कमी दिला तर मध्ये ठिसूळ बोराइडची रेघ राहते. आमच्या पहिल्या काही टेस्ट पीसमध्ये मायक्रोस्कोपखाली ती रेघ स्पष्ट दिसायची, फर्नेसची सायकल बदलत बदलत ती घालवली, ग्राहकाच्या नोझलला त्यानंतरच हात लावला. एक गोष्ट मात्र नव्याने ह्या कामात येणाऱ्यांना आवर्जून सांगतो, ब्रेझ केलेल्या जागेवर पुढच्या वेळी कुणी वेल्डिंग केलं तर ती जागा तडकते, म्हणून कुठे ब्रेझ केलंय त्याचा नकाशा सेटबरोबर गेलाच पाहिजे. आमच्याकडे असे सेट आलेत ज्यांच्याबरोबर एक कागद नव्हता, आणि आधीच्या माणसाने काय केलं ते आम्हाला धातू कापून शोधावं लागलं.

माणसांबद्दल लिहिलं नाही तर हे अर्धवट राहील. वेल्डर काका आता हातात टॉर्च कमी धरतात, पण नवीन मुलांना आधी महिनोन्महिने नुसतं क्रॅक काढायला लावतात. आमच्या इन्स्पेक्शनच्या ताई अंधाऱ्या खोलीत गेल्यावर डोळे अंधाराला सरावल्याशिवाय एकही पीस हातात घेत नाहीत, उन्हात काळा होणारा चष्मा लावून कुणाला आत येऊ देत नाहीत, आणि डिलिव्हरीची तारीख डोक्यावर असतानाही त्यांनी रिजेक्ट केलेला सेगमेंट मी आजवर एकदाही पास करून घेतलेला नाही. ग्राइंडिंगच्या जागी सक्शन आणि मास्क सक्तीचे आहेत, कोबाल्टची धूळ फुप्फुसाला वाईट आणि क्रोमियमच्या मिश्रधातूवरच्या वेल्डिंगचा धूरही. सुरुवातीच्या काळात आम्ही तिघांनी ते मास्क न लावता काम केलं, ते चूक होतं.

नाही म्हणायलाही शिकलो. भिंत मर्यादेखाली गेली असेल, क्रॅक अशा जागी असेल जिथून पातं तुटून मागे जाऊ शकतं, तर आम्ही तो सेगमेंट परत करतो, सोबत मापं आणि फोटो. काही ग्राहक रागावले, काही दुसरीकडे गेले. त्यातले काही परत आले.

सध्या टेबलावर एक सेट आहे जो आमच्याकडे तिसऱ्यांदा आलाय. मोठ्या मशीनचा गरम भाग साधारण २४,००० तासांनी उघडायचा असं ढोबळ गणित असतं, त्यामुळे तिसऱ्यांदा येणं म्हणजे किती काळ झाला बघा. एचिंग केल्यावर जुन्या वेल्डिंगचे ठिगळ वेगळ्या रंगात उठून दिसतात, पहिल्या वेळचे काकांचे, दुसऱ्या वेळचे त्यांनी शिकवलेल्या मुलाचे. नवीन क्रॅक बहुतेक ठिगळांच्या बाहेर आहेत, पण चार सेगमेंटमध्ये मागच्या धारेजवळ भिंत इतकी पातळ झालीय की नुसती भर घालून भागणार नाही, ती धार पूर्ण कापून नवीन कास्ट केलेला तुकडा जोडावा लागेल. तुकड्यांची ऑर्डर दिलीय, फिक्स्चर त्या मापाला बदलायचं काम काल सुरू झालं.